मिनरल मिक्स्चर अजून वाढवू का? नको, आणि आधी मेंढ्या बाजूला काढा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कालवडी दोन वर्षांच्या होऊन गेल्या तरी माजावर येत नाहीत, म्हणून तीन-चार महिने दोन वेगवेगळी मिनरल मिक्स्चर पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट देताय, गव्हाणीत चाटण वीट आहे, तयार पशुखाद्य चालूच आहे, मधे एकदा सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई चं इंजेक्शनही झालं. फरक काही नाही, उलट केस राठ झाले, काळ्या कालवडी तांबूस दिसायला लागल्या, शेण पातळ, आणि आता विचारताय की डोस अजून वाढवू का. आणि अगदी शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की त्याच गोठ्यातल्या मेंढ्यापण तेच खातात.

मला त्या शेवटच्या ओळीनेच धास्ती वाटली. कालवडींचं नंतर बघू, त्यांना चार दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. मेंढ्यांना मात्र आजपासून ते मिक्स्चर आणि ती वीट बंद करा, उद्यापासून नाही, आजच.

कारण असं की गायीसाठी बनवलेल्या मिक्स्चरमधे तांबं गायीच्या हिशोबाने घातलेलं असतं आणि मेंढीला तांब्याचं वावडं आहे असं म्हटलं तरी चालेल. तिला तांबं लागतंच, पण लागतं किती तर खाद्याच्या कोरड्या वजनावर साधारण ७ ते १० पीपीएम (म्हणजे किलोमागे तेवढे मिलिग्रॅम), आणि सहन होण्याची वरची मर्यादा धरली जाते १५ पीपीएम. म्हणजे गरज आणि धोका यात जेमतेम दुपटीचं अंतर. गायीला ४० पर्यंत चालतं, डुकराला आणि कोंबडीला २५० पर्यंत. मेंढीचं यकृत तांबं पकडून ठेवतं आणि पित्तातून बाहेर टाकायची तिची ताकद फार कमी, त्यामुळे रोज थोडं थोडं साठत जातं आणि बाहेरून काहीच कळत नाही. मेंढी खाते, रवंथ करते, वजनही बरं असतं. असे आठवडे, कधी महिने जातात. मग एक दिवस लोकर कातरणी, गाडीतून वाहतूक, पाऊस-गारठा, एखादा दिवस उपास, असं काहीतरी निमित्त होतं आणि यकृतातलं तांबं एकदम रक्तात सुटतं. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी काळपट लाल होते आणि बरीच जनावरं एक-दोन दिवसात जातात. शवविच्छेदनात मूत्रपिंड निळसर काळं, बंदुकीच्या लोखंडासारखं दिसतं, एकदा पाहिलं की विसरत नाही.

मी असा एक कळप पाहिलाय. मालकाने मेंढ्यांचं लाडाने केलं होतं सगळं, गायींना देतो तेच उत्तम मिक्स्चर मेंढ्यांनाही, पाच महिने. मेंढ्या दुसऱ्या जागी हलवल्या आणि तिसऱ्या दिवसापासून मरायला लागल्या. त्यांना वाटलं विषबाधा, कुणीतरी काहीतरी घातलं. घातलं त्यांनीच होतं, प्रेमाने. मला तेव्हा ते सांगताना फार जड गेलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगतोय.

तुमचाच हिशोब करून बघा. समजा मिक्स्चरमधे किलोला १.२ ग्रॅम तांबं आहे, गायीच्या मिक्स्चरमधे एवढं असणं काही वेगळं नाही. मेंढीला २० ग्रॅम मिळालं तर २४ मिलिग्रॅम तांबं. ती दिवसाला १.२ किलो कोरडं खाते असं धरलं तर नुसत्या मिक्स्चरचेच २० पीपीएम झाले, चाऱ्यातले सातआठ वेगळेच. १५ ची मर्यादा कुठल्या कुठे मागे राहिली.

तर मेंढ्यांचं असं करा की मिक्स्चर बंद, वीट काढा, आणि पुढचे काही आठवडे त्यांना पळवू नका, उपाशी ठेवू नका, हलवू नका, कातरणीपण पुढे ढकला. कोंबड्यांचं किंवा डुकरांचं खाद्य त्यांच्या तोंडाला लागत असेल तर तेही थांबवा, त्यात तांबं बरंच असू शकतं. खुरांसाठी मोरचुदाच्या (मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार) पाण्याची टाकी ठेवत असाल तर तिथलं पाणी त्या पीत नाहीत ना हे बघा. पशुवैद्याला बोलवून चार-सहा मेंढ्यांचं रक्त काढा, पण तांबं मोजायला नाही, यकृताची एन्झाइम्स बघायला, एएसटी आणि जीजीटी. रक्तातलं तांबं शेवटपर्यंत नॉर्मल येतं आणि तिथेच लोक फसतात, एन्झाइम्स मात्र काही आठवडे आधीपासून चढलेली सापडतात. चढलेली निघाली तर मॉलिब्डेट आणि सल्फेट देऊन तांबं बांधून काढता येतं, पण ते डॉक्टरच्या हातून आणि मोजून. लघवी लाल झाल्यावर सुरू केलेल्या उपचारात यश कमी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. खनिजं जास्त दिली तर काय होतं, वाढ आणि प्रजननावर.

गॅब्रिएल बर्ट्रांड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं, की सूक्ष्म खनिज शून्य असेल तर जीव जगत नाही, वाढवत नेलं तर सुधारतो, मग एक सपाट पट्टा येतो जिथे कितीही घातलं तरी फरक नाही, आणि त्याच्यापुढे उतार सुरू होतो. आपण सगळे चढ लक्षात ठेवतो, उतार विसरतो. आणि तो सपाट पट्टा प्रत्येक खनिजाचा वेगळ्या रुंदीचा आहे. मँगनीजचा खूप रुंद, गायीला ४० पीपीएम लागतं आणि २००० पर्यंत सहन होतं. जस्त ३० ते ५० लागतं, मर्यादा ५००, मेंढीला ३००. आयोडीन अर्धा पीपीएम, मर्यादा ५०. सेलेनियम ०.१ ते ०.३ लागतं आणि मर्यादा ५. ऐकायला हे अंतरही मोठं वाटतं, पण आकडे मुळात इतके बारीक आहेत की हात थोडा सैल सुटला तरी पार निघून जातात. आणि हे मर्यादेचे आकडे म्हणजे तिथपर्यंत सहसा जनावराला अपाय दिसत नाही एवढंच, तिथपर्यंत द्यावं असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पोटातल्या गर्भाला आणि अंड्यातल्या पिल्लाला तर त्याच्या आधीच त्रास सुरू होऊ शकतो.

खरी अडचण वेगळीच आहे, माझ्या मते सगळ्यात मोठी, ती म्हणजे जास्त झालेलं खनिज बऱ्याचदा कमतरतेसारखं दिसतं. राठ केस, उडालेला रंग, वाढ खुंटलेली, माज नाही, उलटणं (भरवूनही गाभ न राहता परत माजावर येणं), गाभ टाकणं, हे सगळं कमतरतेच्या यादीत आहे आणि जास्तीच्या यादीतही आहे. माणूस बघतो, म्हणतो कमी पडतंय, अजून घालतो. तुम्ही नेमके त्या वळणावर उभे आहात.

तांब्याचंच घ्या. इंग्लंडमधे सॉमरसेट भागात काही कुरणं अशी होती की गायी तिथे चरल्या की हगवण लागायची, काळ्या गायी तांबूस व्हायच्या, वजन उतरायचं. पिढ्यानपिढ्या शेतकऱ्यांना कुरण माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. १९३८ मधे कळलं की गवतात मॉलिब्डेनम नावाचं खनिज जास्त आहे. मॉलिब्डेनम आणि गंधक पोटात एकत्र येऊन थायोमॉलिब्डेट तयार होतं आणि ते तांब्याला असं घट्ट धरतं की तांबं खाऊनही अंगी लागत नाही. म्हणजे एका खनिजाची जास्ती हीच दुसऱ्याची कमतरता. पुढे १९८० च्या दशकात ब्रिटनमधेच कालवडींवर प्रयोग झाले, ५ पीपीएम मॉलिब्डेनम खाद्यात घातलं तर कालवडी वयात यायला कित्येक आठवडे उशीर झाला आणि गाभण राहण्याचं प्रमाणही घसरलं. दुसऱ्या गटाला लोह जास्त देऊन तांबं तेवढंच खाली पाडलं होतं, तर त्यांच्या प्रजननावर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे दोष नुसता तांबं कमी असण्याचा नव्हता, मॉलिब्डेनमचा स्वतःचाही होता. हे मी मुद्दाम सांगतोय कारण माज नाही म्हटलं की लोक लगेच तांब्याचं इंजेक्शन मागतात.

लोहाचं तसंच. लोह वरून द्यायची मोठ्या जनावराला जवळपास कधीच गरज नसते, चाऱ्यातून, मातीतून भरपूर मिळतं. बोअरचं पाणी थोडा वेळ ठेवल्यावर लालसर होत असेल, टाकीला गंज धरल्यासारखा थर येत असेल, तर पाण्यातून रोज लोह जातंय आणि ते तांब्याच्या आड येतं. तुमच्या कालवडींचा रंग उडालाय म्हणून हे पाणी मी आधी तपासेन.

जस्त तसं सोसणारं आहे पण गाभण जनावरात जपून. आतड्याच्या पेशीत जस्त वाढलं की मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन तयार होतं, ते तांब्याला धरून ठेवतं, ती पेशी गळून पडली की तांबं शेणावाटे बाहेर. गाभण मेंढ्यांना ७५० पीपीएम जस्त दिलेल्या प्रयोगात गाभ गेले, कोकरं जगली नाहीत. जस्ताच्या भट्टीजवळ चरणाऱ्या शिंगरांत सांधे सुजणं, लंगडणं, हाडाची कूर्चा खराब होणं असे प्रकार नोंदलेले आहेत. कोंबडीत तर झिंक ऑक्साइडच्या रूपात २०,००० पीपीएम जस्त खाद्यात घालून मुद्दाम अंडी थांबवता येतात, पिसं गाळून घेण्यासाठी, काही दिवसांत अंडं बंद होतं. जे खनिज आपण प्रजननासाठी म्हणून देतो तेच वाढवत नेलं की प्रजनन बंद पाडायचं औषध होतं, याच्याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

इथे कुणीतरी म्हणेल की डुकरांच्या पिल्लांना झिंक ऑक्साइडच्या रूपात २००० ते ३००० पीपीएम जस्त आणि १२५ ते २५० पीपीएम तांबं देतात आणि ती वाढतात चांगली. खरं आहे. पण तो खनिजाची गरज भागवल्याचा परिणाम नाही, मुख्यतः आतड्यातल्या जंतूंवर होणारा औषधासारखा परिणाम आहे, दूध तोडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांपुरता. तसंच चालू ठेवलं तर जस्ताचा फायदा संपतो आणि त्रास सुरू होतो. शिवाय न पचलेला सगळा भाग शेणातून जमिनीत जातो, म्हणून युरोपियन युनियनने २०२२ च्या जूनपासून औषधी डोसातलं झिंक ऑक्साइड बंद केलं. आणि तांबं भरलेलं ते डुकरांचं खत कुरणावर पसरलं तर त्या कुरणावर चरणाऱ्या मेंढ्यांना पुन्हा तोच धोका.

आयोडीन म्हणजे तर जास्त आणि कमी एकसारखे दिसण्याचा कळस आहे. आयोडीन कमी पडलं तर पिल्लू गलगंड घेऊन जन्मतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण आयोडीन फार झालं की थायरॉइड स्वतःहून काम थांबवते, मोठं जनावर काही दिवसांत त्यातून सावरतं, गर्भाला ते जमत नाही आणि त्याचाही गळा सुजतो. गाभण घोड्यांना समुद्री शेवाळाची पावडर ताकद म्हणून दिली आणि शिंगरं गलगंड घेऊन, अशक्त, पाय वाकडे अशी जन्मली, हे प्रकार बरेच नोंदलेले आहेत. मी स्वतः एक पाहिलाय, मालकाने पहिलं शिंगरू तसं झालं म्हणून दुसऱ्या वेळी शेवाळ वाढवलं होतं. आम्ही ते सगळं बंद केलं, तिसरं शिंगरू नीट झालं. गायीत जास्त आयोडीनने डोळ्यातून-नाकातून पाणी, कोरडा खोकला, खाणं कमी, वाढ कमी असं दिसतं आणि लोक सर्दीचं औषध देत बसतात. मेंढ्यांत अजून एक गोष्ट, गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आयोडीन जास्त झालं तर कोकराला चीक पाजूनही त्यातली प्रतिकारशक्ती आतड्यातून नीट शोषली जात नाही. कोंबडीत अंडी कमी होतात, पिल्लं कमी निघतात, पण बंद केलं की आठवड्याभरात अंडी परत सुरू होतात, एवढं बरं.

सेलेनियमवर जरा थांबतो कारण तुम्ही इंजेक्शन दिलंय. १९५७ पर्यंत सेलेनियम हे फक्त विष म्हणूनच माहीत होतं, त्या वर्षी ते गरजेचंही आहे हे सिद्ध झालं. अमेरिकेत साउथ डकोटाकडे जनावरांची शेपटीची आणि आयाळीची केसं गळायची, खुरं चिरायची, लंगडायची, त्याला अल्कली डिसीज म्हणायचे, दोष क्षारांना द्यायचे, ते निघालं गवतातलं सेलेनियम. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातही अशी जमीन आहे आणि तिथल्या गायी-म्हशींत खुरं गळण्यापर्यंत प्रकार झालेत. केस आणि खूर ज्या प्रथिनाचे बनतात त्यात गंधकाचे बंध असतात, गंधकाच्या जागी सेलेनियम जाऊन बसलं की तो बंध कच्चा राहतो. गर्भधारणा कमी होते, जन्मलेली पिल्लं अशक्त. सगळ्यात नाजूक पक्ष्यांची अंडी, त्यात चोच नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत अशी पिल्लं तयार होतात, कॅलिफोर्नियात केस्टरसन जलाशयावर १९८३ मधे पाणपक्ष्यांच्या घरट्यांत हे दिसलं, शेतातून निचरा होऊन आलेल्या पाण्यात सेलेनियम होतं.

आणि इंजेक्शनची सुरक्षा तोंडावाटे देण्यापेक्षा बरीच कमी. २००९ मधे फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे एका दिवसात गेले, टोचलेल्या मिश्रणात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. तुमचं एक इंजेक्शन झालंय, डोस वजनाप्रमाणे दिला असेल तर घाबरू नका, पण दुसरं आत्ता देऊ नका. मोकळं सोडियम सेलेनाइट आणून घरी मिसळायचा विचार तर मनातही आणू नका. एक ग्रॅम सेलेनाइटमधे ४५६ मिलिग्रॅम सेलेनियम असतं, आणि १५ किलो कोरडं खाणाऱ्या गायीला दिवसाला ४.५ मिलिग्रॅम पुरतं. एका ग्रॅममधे शंभर दिवसांची गरज, आणि ती फावड्याने खाद्यात मिसळताना एखाद्या गायीच्या वाट्याला गोळा येणार नाही याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

फ्लोरिनचं एवढंच की स्वस्तातलं कच्चं रॉक फॉस्फेट मिक्स्चरमधे असेल तर दातांवर तपकिरी डाग, हाडांवर गाठी, लंगडणं, मग चरणं कमी आणि त्यामागे दूध-वाढ कमी. फ्लोरिन काढलेलं आहे का हे विचारूनच घ्या.

आता कालवडी. तीनशे किलोची कालवड साधारण ७ किलो कोरडं खाते. दोन्ही मिक्स्चर १००-१०० ग्रॅम, वर धरलेलाच १.२ ग्रॅमचा आकडा घेतला तर २४० मिलिग्रॅम तांबं, म्हणजे ३४ पीपीएम, चाऱ्यातलं धरून ४२. गायीची ४० ची मर्यादा तिथेच ओलांडली, आणि पशुखाद्यात आधीच मिसळलेलं आणि विटेतलं अजून धरलंच नाही. एवढं सगळं अंगी लागत असेल तर यकृतात साठतंय, जर्सी रक्ताच्या असतील तर अजून लवकर. आणि लागत नसेल तर लोह, मॉलिब्डेनम किंवा गंधक आडवं येतंय. बाहेरून बघून मी सांगू शकत नाही यातलं कुठलं, कुणीच सांगू शकत नाही. यकृताचा बारीक तुकडा काढून तपासला तरच कळेल, ते काम वाटतं तेवढं अवघड नाही, एखादी कालवड विकायची किंवा कापायची वेळ आली तर तिचं यकृत पाठवा.

पण खरं सांगू का, दोन वर्षांची कालवड माजावर येत नाही यात मी खनिजाकडे तिसऱ्या क्रमांकावर बघतो. पहिलं वजन. वय होऊन उपयोग नाही, मोठ्या गायीच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पोचल्याशिवाय बऱ्याच कालवडी माज दाखवत नाहीत, आणि भरवायची तर ५५ ते ६० टक्के हवं. दुसरं जंत. पातळ शेण, राठ केस, रंग उडालेला, वाढ नाही, हे तर जंतांचंही अगदी पाठ केलेलं चित्र आहे आणि शेण तपासायला एक दिवस लागतो. पोटात जंत आणि खुराकात ऊर्जा-प्रथिनं अपुरी असताना वरून चार प्रकारची खनिजं ओतली तर ती वाढ कशातून करणार. शिवाय माज येतोय आणि दिसत नाही असंही होतं, पहाटे आणि रात्री उशिरा वीस-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा, आणि डॉक्टरकडून गर्भाशय-अंडाशय एकदा तपासून घ्या.

म्हणून दोनातलं एक मिक्स्चर बंद, दुसरं पाकिटावर लिहिलंय तेवढंच, वीट फक्त साध्या मिठाची ठेवा. पशुखाद्याच्या पोत्यावर खनिजं घातल्याचं लिहिलं असेल तर ते उरलेलं मिक्स्चरही निम्म्यावर आणायला हरकत नाही. एकदम सगळं शून्य करू नका, गरज आहेच. फरक दिसायला वेळ लागेल, राठ केस जाऊन नवे यायला दोन-तीन महिने, यकृतातलं साठलेलं उतरायला त्याहून जास्त.

मला दोन्ही मिक्स्चरच्या आणि पशुखाद्याच्या पोत्यावरच्या घटकांचा फोटो पाठवा, नुसतं नाव नको, आकडे दिसले पाहिजेत. छातीचा घेर टेपने मोजून प्रत्येक कालवडीचं अंदाजे वजन लिहा, शेणाचा रिपोर्ट आणि पाण्यातलं लोह, सल्फेट. मेंढ्या किती आहेत, त्यात गाभण किती, आणि नेमकं कोणत्या महिन्यापासून मिक्स्चर खातायत हेही लिहा, आणि एखादीची जरी लघवी काळपट दिसली तर लिहीत बसू नका, सरळ डॉक्टरला फोन करा.